पियानोची निगा

पियानोची निगा या संज्ञेत तारांच्या, म्हणजेच अकूस्टिक पियानोचे हवेतील ओलाव्यापासून रक्षण, ठराविक काळाने केली जाणारी स्वरजुळणी, आतील यंत्रणेची देखभाल आणि कीड व धुळीपासून बचाव यांचा समावेश होतो. डिजिटल पियानोला यांपैकी स्वच्छतेखेरीज फारसे काही लागत नाही. हार्मोनियमची सवय असलेल्या घरात पियानो आला की तोही वर्षानुवर्षे सुरात राहील असे गृहीत धरले जाते. परंतु हार्मोनियमच्या धातूच्या पट्टीवर ऋतूचा परिणाम अल्प असतो, तर पियानोचा स्वर लाकडावर अवलंबून असल्याने तो न वाजवताही उतरतो किंवा चढतो.

रचना आणि ताण

इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडवला. आधुनिक पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. खर्जातील तारांवर तांब्याचे वेटोळे असते व तेथे एका स्वराला एक किंवा दोन तारा, तर वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. या सर्व तारांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो आणि तो बिडाची चौकट पेलते. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या मात्र कठीण लाकडाच्या थरांनी बनवलेल्या फळीत केवळ घर्षणाने घट्ट बसलेल्या असतात.

तारांचे कंपन घोडीमार्फत स्प्रूस लाकडाच्या पातळ ध्वनिफलकाला मिळते. हा फलक सपाट नसून किंचित उंचवट्याचा असतो. दमट हवेत तो फुगतो, घोडी वर उचलली जाते, तारा ताणल्या जातात आणि स्वर चढतो. कोरड्या हवेत याच्या उलट घडते. हा बदल सर्व सप्तकांत सारखा नसतो. मधल्या सप्तकांत तो अधिक असल्याने पियानो केवळ चढलेला किंवा उतरलेला न वाटता बेसूर वाटतो.

हवामान

पियानोसाठी ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. तथापि नेमक्या आकड्यापेक्षा आर्द्रतेतील स्थैर्य महत्त्वाचे आहे. मुंबई, कोकण व गोवा येथे पावसाळ्यात आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. तेथे तारा व खुंट्या गंजणे, लोकरी फेल्ट व कापडी अस्तर फुगणे आणि पट्ट्या दाबल्यावर वर न येणे या तक्रारी नेहमीच्या आहेत. पुणे, मराठवाडा व विदर्भ या भागांत धोका वेगळा आणि काही बाबतींत अधिक गंभीर असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते आणि काही आठवड्यांतच पावसाळा सुरू होतो. या चढउतारामुळे ध्वनिफलकाला तडे जातात, सांधे सुटतात आणि खुंट्यांची छिद्रे सैल होतात. गंजलेली तार बदलता येते. खुंट्यांची फळी निकामी झाली तर पियानो सुरात राहणेच थांबते आणि ती बदलण्याचा खर्च अनेकदा वाद्याच्या किमतीहून अधिक होतो.

पियानो आतील भिंतीशी ठेवणे इष्ट असते. पावसात ओल धरणारी बाहेरची भिंत, उन्हाची खिडकी, वातानुकूलन यंत्राचा झोत आणि कूलर यांपासून तो दूर असावा. वाजवण्यापुरते तासभर वातानुकूलन चालवून नंतर बंद करणे हे ते अजिबात न चालवण्यापेक्षा हितावह नाही, कारण त्यामुळे दिवसातून दोनदा आर्द्रता बदलते. आर्द्रतामापक स्वस्त असून पियानोजवळ ठेवल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही. समुद्रकिनारी भागांत पियानोच्या आत कमी वॅटची उष्णतादंडिका बसवतात. पूर्वी या कामी विजेचा दिवा लावून ठेवण्याची पद्धत होती. ती आगीच्या दृष्टीने धोक्याची आहे आणि तिने एकच भाग सुकतो. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या पेटीत फारशा उपयोगी पडत नाहीत व वेळच्या वेळी सुकवल्या नाहीत तर त्यांचा काहीच उपयोग राहत नाही.

स्वरजुळणी

मधल्या सप्तकातील ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्‌झ वारंवारतेला जुळवणे हे प्रचलित प्रमाण आहे. जुळणी करणारा कारागीर दोन तारांमधील विस्पंद ऐकून खुंटी अत्यल्प फिरवतो. वर्षातून दोन वेळा जुळणी पुरेशी समजली जाते. नव्या पियानोच्या तारा पहिल्या वर्षी ताणत राहत असल्याने त्याला अधिक वेळा लागते. ऋतू बदलत असताना केलेली जुळणी टिकत नाही. त्यामुळे पाऊस स्थिरावल्यावर जुलैच्या अखेरीस एक आणि हवा कोरडी झाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुसरी, अशी योजना महाराष्ट्राच्या हवामानाशी जुळते.

अनेक वर्षे जुळणी न झालेला पियानो एकाच बैठकीत प्रमाण स्वरावर येत नाही. आधी सर्व तारा ढोबळपणे वर आणून नंतर सूक्ष्म जुळणी केली जाते, आणि गंजलेल्या तारा या कामात तुटण्याची शक्यता असते. फार जुन्या वाद्यांच्या बाबतीत स्वर जाणीवपूर्वक खाली ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. फ्रान्समध्ये १८५९ साली ‘ए’साठी ४३५ हर्ट्‌झ हे प्रमाण ठरले होते, ४४० ला आंतरराष्ट्रीय मान्यता १९३९ च्या लंडन परिषदेनंतर मिळाली. सैल खुंटी घट्ट करण्यासाठी किंवा गंज काढण्यासाठी तेल फवारणे हा घरगुती उपाय घातक आहे, कारण तेल फळीत मुरले की घर्षणच नाहीसे होते.

यंत्रणा

पट्टी दाबल्यापासून हातोडी तारेवर आदळेपर्यंत अनेक लहान भाग क्रमाने हलतात. वापराने फेल्ट दबते आणि ही मापे बिघडतात. त्यांची फेरमांडणी कारागीराकडून काही वर्षांनी करून घ्यावी लागते. हातोड्यांच्या फेल्टवर तारांचे खोल वळ पडून आवाज कर्कश झाला तर फेल्ट घासतात व सुयांनी टोचून मऊ करतात. हे काम उलटवता येत नसल्याने नवख्याच्या हाती देऊ नये.

पावसाळ्यात अडकणारी पट्टी तासून मोकळी करण्याचा मोह टाळावा, कारण हिवाळ्यात तीच पट्टी खडखडू लागते. अडकण्याचे कारण कित्येकदा फटीत पडलेले नाणे किंवा पेन्सिलही असते. त्याचप्रमाणे एखाद्या स्वरावर येणारा झणझणाट पियानोतून नव्हे, तर त्यावर मांडलेल्या फोटोच्या चौकटीतून येत असतो. फुलदाणी मात्र कधीही ठेवू नये.

स्वच्छता आणि कीड

पट्ट्या किंचित ओलसर सुती कापडाने, वाजवणाऱ्याच्या दिशेने पुसाव्यात; आडवे पुसल्यास पाणी फटींत उतरते. अल्कोहोलयुक्त द्रव प्लॅस्टिक व वॉर्निश दोन्हींस बाधतो. जुन्या पियानोवरील हस्तिदंती आवरण दोन तुकड्यांचे असल्याने त्यावर बारीक सांधा दिसतो. ते अंधारात पिवळे पडते, म्हणून अशा पियानोचे झाकण अधूनमधून उघडे ठेवतात. १९९० पासून हस्तिदंताच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी असल्याने निघालेला तुकडा जपून ठेवावा लागतो. तारांना हात लावू नये; घामाने गंज चढतो.

लोकरीला कसर लागते, उंदीर फेल्ट कुरतडून घरटे करतात, आणि उभ्या पियानोच्या तळाशी वाळवी शिरते. महिन्यातून एकदा खालची फळी काढून मातीचे माग दिसतात का हे पाहणे हा सर्वांत विश्वसनीय उपाय आहे. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडी पिशवीत टांगाव्यात. कीटकनाशक फवारणीच्या वेळी पियानो झाकून ठेवावा व फवारा त्याच्या आत मारू देऊ नये.

जुना पियानो घेताना

चकाकणाऱ्या पेटीवरून वाद्याची स्थिती कळत नाही. खुंट्या किती घट्ट आहेत, ध्वनिफलकाच्या आधारपट्ट्या सुटल्या आहेत का आणि हातोड्यांवर किती फेल्ट उरले आहे, हे कारागीराकडून तपासून घेतात. तडा गेलेला ध्वनिफलक खणखणत नसेल तर तो बहुधा वापरण्यास योग्य असतो. सैल खुंट्यांबाबत तसे म्हणता येत नाही. उभा पियानोही साधारणपणे २०० किलोंहून जड असतो आणि त्याचा भार मागच्या बाजूस असल्याने तो कलंडतो. म्हणून हलवताना केवळ त्याच्या चाकांवर विसंबत नाहीत. नव्या जागी आणल्यावर लाकूड तेथील हवेला सरावेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबून मगच जुळणी करतात.