जॅझमधील व्हायोलिनची कुळकथा

न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझ आकार घेत होते, तेव्हा तिथल्या अनेक नृत्यवृंदांचा म्होरक्या व्हायोलिनवादक असे. मूळ चाल तो वाजवी आणि कॉर्नेट, क्लॅरिनेटवाले तिच्याभोवती नक्षी काढत. 1890 च्या दशकात गाजलेला जॉन रोबिशो हा असाच वृंदप्रमुख. पण कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम यांच्या गदारोळात व्हायोलिनचा आवाज बुडू लागला. 1917 साली निघालेली जॅझची पहिली मानली जाणारी ध्वनिमुद्रिका पाच वादकांची होती. त्यांत व्हायोलिन नव्हते. पुढे या वाद्यावर जे जे नवे घडले, त्यातले बरेचसे ‘आवाज पुरत नाही’ या जुन्या दुखण्यावरचे इलाज आहेत.

पहिला इलाज सोबत बदलण्याचा. फिलाडेल्फियाच्या जो व्हेनुटीने आपला बालमित्र, गिटारवादक एडी लँग याच्यासह 1926 पासून लहान मेळाच्या, कधी फक्त दोघांच्याच, ध्वनिमुद्रिका काढल्या. मायक्रोफोनवरचे मुद्रण नुकतेच रूढ होत होते, त्यामुळे दोन्ही वाद्यांचे बारकावे त्यांत उतरले. व्हेनुटीची एक करामत प्रसिद्ध आहे. व्हायोलिनच्या घोडीला कमान असल्याने सरळ गज एका वेळी एकदोन तारांवरच नीट टेकतो. व्हेनुटी गजाचे केस सोडवून तारांवरून घेई, काठी वाद्याच्या खालून धरी आणि चारही तारा एकदम वाजवी. सर्कशीत शोभावी अशीच ही युक्ती. पण त्यातून निघणारी भरघोस कॉर्ड ऐकली की हसू मावळते.

1934 साली पॅरिसमध्ये स्टेफान ग्रापेली आणि जँगो राइनहार्ट यांनी जो पंचक-मेळ उभा केला, त्यात ड्रमच नव्हता: तीन गिटार, एक कॉन्ट्राबास आणि व्हायोलिन. ताल गिटारवाले सांभाळत आणि ग्रापेलीचा हलका, सलग गज वर मोकळा फिरे. याच वर्तुळात 1937 मध्ये शिकागोचा एडी साउथ आला. त्याने अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण घेतले होते, पण कृष्णवर्णीय म्हणून अमेरिकेतल्या सिंफनी वाद्यवृंदांची दारे त्याला बंद होती. त्याने ग्रापेली आणि राइनहार्ट यांच्यासह बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोतला पहिला भाग स्विंगच्या चालीत मुद्रित केला.

स्टफ स्मिथचा मार्ग नेमका उलटा. 1936 साली न्यूयॉर्कच्या ऑनिक्स क्लबमध्ये तो गाजला. लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट हा त्याचा आदर्श. व्हायोलिनला अ‍ॅम्प्लिफायर जोडून त्याने खरखरीत, जोरकस वादन केले. गोडव्यात ग्रापेली वरचढ, पण लयीच्या धक्क्यात स्मिथला तोड नाही.

खरे घराणे मात्र उजव्या हाताचे. अभिजात वादनात गजाची दिशा पुष्कळदा मात्रेच्या जोराशी जुळवलेली असते. स्विंगमध्ये जोर मात्रांच्या मधल्या जागांवर पडतो, म्हणून एकाच गजात मधला स्वर पुढच्या मात्रेशी बांधावा लागतो. स्वरकंपही कमी, स्वर आधी सरळ लावायचा आणि कंप शेवटी द्यायचा. नोटेशनमध्ये हे पुरते लिहिता येत नाही, त्यामुळे पुढच्या पिढ्या मुख्यतः ध्वनिमुद्रिका ऐकूनच शिकल्या.

पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत शिकलेल्या जाँ-लुक पाँतीला जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनने झपाटले. त्याने विजेचे व्हायोलिन हाती घेतले आणि 1970 च्या दशकात महाविष्णू ऑर्केस्ट्रामध्ये रॉकच्या आवाजाला तोंड दिले. मूळ दुखणे इथे संपले. त्याच दशकात शक्ती या मेळात एल. शंकरने मुंबईच्या झाकीर हुसेनच्या तबल्यासोबत कर्नाटक शैलीतला गज जॅझच्या शेजारी आणून बसवला.

त्याआधीच, 1960 च्या दशकात, ब्लूग्रासमधल्या रिचर्ड ग्रीनने ‘चॉप’ शोधला होता: गजाचा मुठीकडचा भाग तारांवर आपटून तिथेच रोखायचा, म्हणजे स्वराऐवजी ठोका निघतो. डॅरोल अँगरने तो वाढवला आणि 1985 मध्ये स्थापन झालेल्या टर्टल आयलंड स्ट्रिंग क्वार्टेटमधून तो जॅझमध्ये पसरला. ज्या ड्रमने व्हायोलिनला बाहेर काढले होते, त्याचेच काम आता व्हायोलिन करू लागले.

2001 साली डेट्रॉइटच्या रेजिना कार्टरने जेनोआमध्ये पागानिनीचे 1743 चे ग्वार्नेरी व्हायोलिन वाजवले. ते वाजवणारी ती पहिली जॅझ कलावंत.