एका थेंबामागे किती हवा?

गेल्या वर्षी घाटकोपरला आमच्या मामूचं गॅरेज रिकामं करताना एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. गॅरेज कसलं, रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड. डबा हलवला तर आत पैशांसारखं खुळखुळलं. उघडून बघतो तर पितळेचे बारीक बारीक जेट. चण्याएवढे, मधे भोक, आणि प्रत्येकावर कोरलेला आकडा. ११५, १२०, १२५, १३०. भाचेसूनबाई म्हणाल्या, "भंगारवाल्याला देऊन टाकू, पितळेला भाव आहे." मी डबा पिशवीत घातला आणि घरी आणला. म्हणून हा विषय.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला, आणि उरलेलं आयुष्य कवितेत गेलं. पण १९८०च्या आसपास, शाळेच्या प्रत्येक सुट्टीत मी या शेडमध्ये पेट्रोलच्या ताटलीत जेट धूत बसलेलो असे. मामू फक्त कार्बोरेटरचं काम करी. इंजिन उघडणारे वेगळे, पाटे बसवणारे वेगळे, वायरिंगवाले वेगळे. याच्या पाटीवर एकच शब्द होता, तोही चुकीचा: 'कार्बेटर'. टॅक्सीवाले अंधेरीहून, मुलुंडहून त्याच्याकडे येत. सगळ्या काळ्या-पिवळ्या, आणि जवळजवळ सगळ्या फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना शेजारीच, कुर्ल्याला. तिथे १९६४ पासून फियाट अकराशे डी बनू लागली, तिचीच पुढे १९७४ साली 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं इंजिन आणि त्याच्या डोक्यावर एक सोलेक्स कार्बोरेटर. भांडुपला एपीआयच्या कारखान्यातून लँब्रेटा स्कूटरी निघत. म्हणजे आगऱ्याला जाणारा हा जुना रस्ता, आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग, कार्बोरेटरवाल्यांना उपाशी ठेवणारा नव्हता.

आता कार्बोरेटर करतो काय? पेट्रोल पेटतं असं आपण म्हणतो, पण द्रव पेट्रोल पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. वजनात हे फारसं वाटत नाही. पण हवा हलकी. आकारमानात मोजलं तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. मामूला हा आकडा ठाऊक नव्हता. तो म्हणे, "गाडी पेट्रोलवर नाय चालत रे, वाऱ्यावर चालते. पेट्रोल म्हणजे नुसतं मीठ." मीठ कमी पडलं तर इंजिन तापतं आणि ठोके देतं, जास्त झालं तर काळा धूर. आणि हे मीठ गाडी उभी असताना, चढावर, मोकळ्या हायवेवर, दर क्षणाला नव्याने मोजून टाकायचं.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. जर्मनीत निकोलाउस ओटोने १८७६ साली चार फेऱ्यांचं इंजिन चालवलं ते कोळशाच्या गॅसवर. गॅस आधीच वायू, हवेत सहज मिसळतो. पण गॅसची नळी ओढत रस्त्यावर फिरता येत नाही. गाडी करायची तर इंधन बाटलीत मावणारं हवं, म्हणजे द्रव, आणि द्रवाची वाफ करणारं काहीतरी गाडीवरच हवं. इथून कार्बोरेटरची गोष्ट सुरू होते.

पहिले उपाय अगदी स्वयंपाकघरातले वाटतात. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत एक भांडं होतं. त्यात इंधन, त्यावरून हवा ओढायची, जाताजाता ती वाफ घेऊन जाणार. व्हिएन्नाच्या झिगफ्रीड मार्कुसने इंधनात फिरणारा ब्रश घातला, त्याचे तुषार हवेत उडत. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने वाती लावल्या, आपल्या रॉकेलच्या स्टोव्हला असतात तशा. वाती इंधन वर ओढणार, हवा त्यांच्यामधून जाणार.

ही भांडी चालत, पण लहरीवर. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. रस्ता खराब असला की भांड्यातलं इंधन हिंदकळणार आणि प्रमाण बिघडणार. आपल्या पावसाळ्यातल्या रस्त्यांवर काय झालं असतं याची कल्पनाच करा. शिवाय इंधनातला हलका भाग आधी उडून जाई आणि तळाला जड, आळशी भाग उरे. गाडी सकाळी एक वागे, संध्याकाळी दुसरं.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची बायको बेर्था हिने नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, याच बनावटीची गाडी मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत नेली. सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपलं. पेट्रोलपंप नावाची वस्तू जगात नव्हती. व्हीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून तिने डाग काढायला वापरतात ते लिग्रोईन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा हॅटची पिन घालून मोकळी केली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मामूच आठवला, कारण त्याच्या कानामागे कायम एक बारीक तार खोचलेली असे. इतिहासात बेर्थाबाई पहिल्या लांब प्रवासासाठी प्रसिद्ध आहेत. माझ्या लेखी त्या पहिल्या कार्बोरेटर मिस्त्री.

खरी उडी १८९३ची. इंधनावरून हवा नेण्याऐवजी हवेत इंधनाचा फवारा सोडायचा. याचं श्रेय बहुतेक पुस्तकांत डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मायबाख याला दिलेलं असतं. पण बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत आपलं पेटंट नोंदवलं होतं, मायबाखच्या काही महिने आधी. रस्त्यात फुलवाली फुलांवर फुंकणीने पाणी शिंपडताना दिसली आणि त्यावरून हे सुचलं, अशी कथा हंगेरीत सांगतात. कथा खरी असो नसो, हंगेरियन माणसाला मायबाखचं नाव काढल्यावर राग का येतो ते मला समजतं. लहान भाषेत लिहिणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

फवारा कसा होतो हे मामूने मला इराण्याच्या हॉटेलात दाखवलं होतं. पाण्याच्या ग्लासात एक स्ट्रॉ उभी धरली. दुसरी आडवी धरून तिच्या तोंडावरून जोरात फुंकर मारली. उभ्या स्ट्रॉमधलं पाणी वर चढलं आणि तुषार समोरच्या गिऱ्हाइकाच्या ब्रून-मस्क्यावर. इराणी ओरडला, आम्ही बाहेर. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, हे डॅनियल बर्नुली १७३८ साली लिहून गेला. नळी अरुंद केली की तिथे वेग वाढतो आणि दाब पडतो, हे इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ साली दाखवलं. अंधेरीच्या पुलावर अरुंद जागी गर्दी थांबते. हवा मात्र पळते. चाळीच्या बोळात वारा का झोंबतो, ते आठवा. कार्बोरेटरचा गळा असाच आवळलेला असतो. इंजिन श्वास ओढतं, गळ्यात दाब पडतो आणि तिथे उघडणाऱ्या जेटमधून पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं. जितका श्वास, तितकं पेट्रोल. पंप नाही, मोजमाप करणारा माणूस नाही.

एक अट मात्र होती. जेटपर्यंत पेट्रोलची पातळी कायम एकच हवी. त्यासाठी शेजारी छोटी वाटी, तीत पितळेचा पोकळ फ्लोट. पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि सुईने दार बंद करतो. इमारतीच्या टाकीत बॉलकॉक असतो तसाच. फ्लोटला बारीक भोक पडलं की त्यात पेट्रोल शिरतं, तो बुडतो आणि गाडी ओव्हरफ्लो. मामू फ्लोट कानाशी धरून हलवी. आत थेंबभर जरी असलं तरी त्याला ऐकू येई.

एवढं झालं, पण गणित अजून चुकत होतं. साध्या जेटचा स्वभाव असा की इंजिन सावकाश असताना तो कंजूष आणि वेगात असताना उधळ्या. हवेचा ओढा वाढला की हवा विरळ होते, पेट्रोल होत नाही. म्हणून वेग वाढेल तसं मिश्रण अधिकाधिक जड होत जातं. १९०२ साली पॅरिसमध्ये पनार कंपनीच्या क्रेब्सने जादा हवा आत घेणारी झडप लावली, ओढा वाढला की आपोआप उघडणारी. १९०६ साली फ्रान्समधल्याच बावरेने आणखी गमतीचा मार्ग काढला. त्याने दुसरा जेट बसवला, ज्यातून पेट्रोल कायम एकाच गतीने येतं, ओढा कितीही असो. पहिला जेट वेगाबरोबर उधळतो, दुसरा वेगाबरोबर तुलनेने कमी पडतो. दोन चुका एकमेकींना खोडून काढतात. यातून झेनिथ कार्बोरेटर जन्मला. इंग्लंडमध्ये स्किनर बंधूंनी वेगळाच विचार केला, गळाच लहानमोठा होऊ द्यायचा. त्यांचं घराणं जोडे विकणारं, त्यामुळे पहिल्या नमुन्यात चामड्याचा भाता होता.

आमच्या पद्मिनीच्या सोलेक्समध्ये यापेक्षा सोपी युक्ती होती. ओढा वाढला की बारीक छिद्रांतून थोडी हवाच पेट्रोलमध्ये शिरते आणि त्याचा फेस करते. फेस आला की पेट्रोल कमी जातं. डब्यातल्या जेटांवरचे आकडे म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२५ आणि १२० यांत फरक केसाच्या जाडीएवढाही नाही. पण त्या फरकावर टॅक्सीवाल्याचं घर चाले.

इथे मामूची एक गोष्ट सांगायला हवी, ती त्याला आवडली नसती. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव चढले तसे टॅक्सीवाले 'एव्हरेज वाढवून द्या' म्हणून येऊ लागले. एकच उपाय, लहान जेट. काही मिस्त्री तर जेटचं भोक कथिलाने भरून नव्याने बारीक पाडत. मामू नाही म्हणे. पण एका जौनपूरच्या टॅक्सीवाल्याला, त्याच्या मुलीचं लग्न होतं म्हणून, मामूने ११५ लावून दिला. महिनाभर तो खूश. मग उन्हाळ्यात इंजिन तापून व्हॉल्व जळाले आणि जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट खर्च झाला. मामूने व्हॉल्वचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. त्यानंतर तो प्रत्येक गाडीचा स्पार्क प्लग काढून आधी रंग बघे. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी. बिस्किटाचा रंग आला की म्हणे, "आता हात लावू नको."

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. जेट साफ करायची पद्धत म्हणजे तोंडात धरून फुंकणे. टाकीतून पेट्रोल काढायचं तर नळीला तोंड लावून ओढणे. सगळेच करत, मीही केलं आहे. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. इंजिनाचे ठोके थांबावेत म्हणून १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिज्लीने शोधलेलं संयुग. ते विषारी आहे हे लगेच कळलं होतं. १९२४ साली न्यू जर्सीत ते तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तरी ते पुढे अनेक दशकं जगभर विकलं गेलं. आपल्या देशात ते पूर्ण बंद झालं १ फेब्रुवारी २०००ला. साठीत मामूचे हात थरथरू लागले, सुई जागेवर बसेना. डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं. तसंही असेल. मी काही म्हणत नाही. पण घाटकोपरच्या त्या शेडमध्ये कुणी कधी सांगायला आलं नाही, एवढं मात्र नक्की.

त्याच सुमारास धंदाही उठला. पद्मिनीचं उत्पादन थांबलं. न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गंमत बघा, ओटोचं इंजिन गॅसवर होतं आणि सव्वाशे वर्षांनी मुंबईची टॅक्सी पुन्हा गॅसवर आली. पेट्रोलची वाफ करायची गरजच उरली नाही. नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं. धुराच्या नळीत बसवलेला सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो, संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. प्लगचा रंग बघायचं मामूचं काम, सेकंदाला कित्येकदा. २०२०च्या बीएस-सहा नियमांनंतर नव्या स्कूटर-मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा मामू नव्हता.

गेल्या महिन्यात मुलुंडहून एक तरुण घरी आला. आजोबांची १९७८ची पद्मिनी नीट करतोय, कुणीतरी माझ्याकडे डबा असल्याचं सांगितलं. मी डबा त्याच्यासमोर पालथा केला. त्याने भिंग काढून आकडे वाचले, एक जेट उचलला, उजेडाकडे धरला. भोकात कचरा होता. त्याने तो ओठांशी नेला.

"फुंकू नकोस," मी म्हणालो, "थांब, सायकलचा पंप आणतो."