वृक्षाकार लायकोपोडियम

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत जमिनीलगत वाढणारी ही एक सदाहरित, अबीजी वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव डेंड्रोलायकोपोडियम ऑब्स्क्युरम आणि कुल लायकोपोडिएसी. कॅनडातील नोव्हा स्कोशिया व क्विबेकपासून दक्षिणेस ॲपलाचियन डोंगररांगांपर्यंत आणि पश्चिमेस महासरोवरांच्या प्रदेशापर्यंत ती आढळते. उभे खोड सामान्यतः वीतभर उंच, फार झाले तर ३० सेंमी. त्याच्या वरच्या भागाला अनेकवार दुभंगणाऱ्या फांद्या फुटतात आणि एखादा पाइन वृक्षच ठेंगणा होऊन पाचोळ्यात उभा राहिल्यासारखे तिचे रूप दिसते. तिथले लोक तिला ग्राउंड पाइन किंवा प्रिन्सेस पाइन म्हणतात ते यामुळेच. मात्र हे देखणे रूपच तिच्या ओळखीतील सर्वांत कच्चा दुवा आहे. ते तिच्या दोन सख्ख्या जातींतही जसेच्या तसे दिसते. म्हणून जातीचा निर्णय एकूण आकारावर किंवा शंकूंवर न ठेवता दोनच जागी पाहून करावा लागतो : बाजूच्या डहाळीवरील पानांची मांडणी आणि उभ्या खोडाच्या तळाची, फांद्यांखालची पाने. अधिवास या निर्णयाला आधार देतो, पण निर्णय देत नाही.

आधी ही वनस्पती कोण नाही हे पाहणे सोयीचे. इंग्रजी नावातील ‘मॉस’ (शेवाळी) या शब्दामुळे लायकोपोडियमांना शेवाळींत ढकलण्याची चूक नेहमी होते. त्यांच्या खोडात पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या असतात, खरी मुळे असतात आणि बारीक पानातूनही एक न दुभंगलेली शीर गेलेली असते. शेवाळीत अशा खऱ्या वाहिन्या व मुळे नसतात. त्याच जंगलात वाढणारी पॉलिट्रिकम ही उंच शेवाळी लांबून पाइनच्या रोपासारखी दिसते, पण तिची बीजुके एका बारीक देठाच्या टोकावरील बोंडात तयार होतात. सूचिपर्णी वृक्षांच्या खऱ्या रोपांशीही गल्लत होते. हेमलॉकच्या रोपाचे खोड काष्ठमय असते, पाने चपटी असतात आणि पान उलटले की खाली दोन पांढुरके पट्टे दिसतात. लायकोपोडियमाच्या पानावर असे पट्टे नसतात आणि त्याची पाने खोडाला दाटीने झाकतात. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात फांद्यांच्या टोकांवर पिवळसर शंकू उभे असले, तर शंकेला जागा उरत नाही. प्रत्येक खवल्याच्या बगलेत मूत्रपिंडाच्या आकाराचा एक बीजुककोश असतो आणि तो फुटला की पिवळी भुकटी उडते.

त्याच कुलातले शेजारी वेगळे काढायला जमिनीत काय आहे ते पाहावे. वृक्षाकार लायकोपोडियमाचे आडवे खोड, म्हणजे मूलक्षोड, मातीखाली दडलेले असते आणि त्यातून ठिकठिकाणी उभी खोडे वर येतात. सुटी वाटणारी झुडपे बहुधा एकाच मूलक्षोडाची अपत्ये असतात. याउलट लायकोपोडियम क्लॅव्हेटमचे आडवे खोड पाचोळ्यावर उघडे सरपटते, त्याच्या पानांच्या टोकाला केसासारखा तंतू असतो आणि शंकू लांब देठावर येतात. होमिओपॅथीच्या औषधामुळे मराठी घरांत ‘लायकोपोडियम’ हे नाव परिचित आहे, ते या दुसऱ्या जातीचे. स्पिन्युलम ॲनोटिनमही जमिनीवरच पसरते. त्याची उभी खोडे फारशी फांद्या न फोडता वाढतात आणि दरवर्षीची वाढ जिथे थांबली तिथे आवळल्यासारखी दिसतात. डायफॅसियास्ट्रम डिजिटॅटमच्या फांद्या पंख्यासारख्या सपाट आणि पाने खवल्यांएवढी असतात. हुपर्झिया ल्युसिड्युलाला तर शंकूच नसतो, बीजुककोश साध्या पानांच्या बगलेतच बसतात. देठरहित शंकू, झाडासारखी फांद्यांची रचना आणि मातीखालचे मूलक्षोड या तीन गोष्टी एकत्र आल्या की वंश ठरला. सोपी वाट इथे संपते.

डेंड्रोलायकोपोडियम वंशाच्या तीन जाती पूर्व अमेरिकेत वाढतात : ऑब्स्क्युरम, डेंड्रॉइडियम आणि हिकेयी. पहिलीचे वर्णन लिनीअसने १७५३ मध्ये केले, दुसरीचे मिशोने १८०३ मध्ये. तिसरी बराच काळ पहिलीतच मोजली जात होती. १९७७ मध्ये हिकी यांनी तिला वेगळा प्रकार म्हणून नाव दिले आणि १९८९ मध्ये वॅग्नर, बाइटेल व मोरान यांनी स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. शंकू तिघींचेही देठरहित, उंचीही सारखी. गुणसूत्रेही तिघींत ६८. मग फरक कुठे? बाजूची एक डहाळी जागच्या जागी हलकेच दोन बोटांत धरावी आणि टोकाकडून पाहावी. पानांच्या सहा उभ्या रांगा दिसतात. ऑब्स्क्युरममध्ये वर एक रांग, दोन्ही बाजूंना मिळून चार आणि खाली एक. खालच्या रांगेची पाने स्पष्टपणे आखूड असतात, बाजूची पाने पिळवटून आडवी पसरतात आणि त्यामुळे डहाळी चपटी होते. बोटांत फिरवू गेले तर ती गोल फिरत नाही, दर अर्ध्या वळणाला अडते. हिकेयीत रांगांची मांडणी हीच, पण सहाही रांगांची पाने सारख्या लांबीची, म्हणून छेद गोल आणि डहाळी बोटांत सहज फिरते. डेंड्रॉइडियमची डहाळीही गोलच, मात्र तिथे वर दोन, बाजूंना दोन, खाली दोन अशी मांडणी असते. या दोघींतला संशय दुसऱ्या खुणेने मिटतो. उभ्या खोडाच्या तळाशी, पहिल्या फांदीच्या खाली, डेंड्रॉइडियमची पाने खोडापासून फाकलेली आणि हाताला टोचणारी असतात. ऑब्स्क्युरम व हिकेयी यांची तिथली पाने खोडाला चिकटून वर वळलेली असतात आणि बोट खालून वर फिरवले तर गुळगुळीत लागतात.

यावर पहिला आक्षेप असा की हा केवळ शब्दच्छल आहे. सावली-उन्हाने पानांची लांबी बदलते, मग एवढ्याशा फरकावर जाती कशा उभ्या करायच्या? आक्षेप रास्त आहे, कारण दाट सावलीत अनेक वनस्पतींची पाने खरोखरच पसरट होतात. परंतु या जाती एकाच जंगलात, एकाच सावलीत शेजारी शेजारी वाढतानाही आपापली मांडणी सोडत नाहीत. फरक केवळ प्रकाशाचा असता, तर एका जागी वाढणाऱ्या साऱ्या खोडांवर तो सारखाच उमटला असता. शिवाय तळाची फाकलेली पाने आणि डहाळीवरील दोन-दोनच्या रांगा या एकमेकींशी संबंध नसलेल्या खुणा डेंड्रॉइडियममध्ये नेहमी जोडीने येतात. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर तो योगायोग मानणे कठीण. आक्षेपातला खरा भाग मात्र स्वीकारावा. कोवळ्या किंवा खुरटलेल्या खोडावरून निवाडा करू नये. पूर्ण वाढलेल्या खोडाची मधली डहाळी घ्यावी आणि त्याच वसाहतीतील दोन-चार खोडे तपासावीत. ती बहुधा एकाच मूलक्षोडाची असल्याने त्यांचे एकमत ही स्वतंत्र पुराव्यांची रास ठरत नाही. पण त्यांच्यात विसंगती दिसली, तर आपण घाई केली एवढे नक्की कळते.

दुसरा आक्षेप अधिवासाच्या बाजूने येतो. जागा ओळखली की वनस्पती ओळखली, असे रानात हिंडणारे अनुभवी लोक म्हणतात. ऑब्स्क्युरमची जागा खरोखर ठरावीक आहे : आम्लधर्मी, ओलसर माती, पानझडी किंवा मिश्र जंगल, मॅपल, बीच, ओक, हेमलॉक यांची सावली, दलदलींच्या कडा. शेती सोडून दिल्यावर पुन्हा उगवलेल्या जंगलांत ती विपुल असते. तिचा गंतुकधारी, म्हणजे बीजुकापासून प्रथम वाढणारी पिढी, जमिनीखाली हरितद्रव्याशिवाय, कवकांच्या आधाराने कित्येक वर्षे जगतो. नांगरटीत असे जीवन टिकत नाही. म्हणून ही वनस्पती दिसली की त्या जागी बरीच वर्षे नांगर चाललेला नाही, असे अनुमान काढता येते. पण या साऱ्या अटी हिकेयीलाही मानवतात आणि डेंड्रॉइडियमलाही. अधिवास वगळण्याचे काम चोख करतो. कोरड्या गवताळ माळावर ही वनस्पती शोधू नये, हे तो ठामपणे सांगतो. तिघींतली कोणती, हे त्याला सांगता येत नाही. प्रदेश बदलला तर साम्य आणखी फसवे होते. निलगिरीत, मुन्नारच्या घाटांत आणि कोडगूत रस्त्याकडेच्या ओल्या उतारांवर वाढणारी पाल्हिन्हीया सर्न्युआ हीसुद्धा छोट्या झाडासारखीच दिसते. तिचे आडवे खोड मात्र जमिनीवरून कमानी घेत जाते आणि असंख्य लहान शंकू डहाळ्यांच्या टोकांवरून खाली लोंबतात. ती उघड्या जागेची वनस्पती आहे आणि तिचा वंश वेगळा आहे.

आता जनुकीय तपासणी उपलब्ध असताना डहाळ्या कशाला न्याहाळायच्या, असेही विचारले जाते. रेणवीय अभ्यासाने या कुलाची नातीगोती स्पष्ट केली आहेत. एकेकाळी एकाच लायकोपोडियम वंशात कोंबलेल्या जाती आज अनेक वंशांत विभागल्या जातात, त्यालाही या अभ्यासाचा आधार मिळाला आहे. तरीही प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यावर नावाची चिठ्ठी आधी कोणीतरी पाने पाहूनच लावलेली असते. ती चुकली, तर पुढची आकडेमोड कितीही अचूक असली तरी चुकीच्या नावाखाली जमा होते. जुन्या पुस्तकांत ही वनस्पती लायकोपोडियम ऑब्स्क्युरम या नावाने सापडेल. १९८९ पूर्वीच्या नोंदींत त्या नावाखाली हिकेयीही असू शकते, हे जुन्या यादीवरून प्रसारक्षेत्र काढणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

ओळखीसाठी झाड उपटण्याची गरज नाही. नाताळच्या माळांसाठी या वनस्पतीची उभी खोडे वर्षानुवर्षे ओरबाडली गेली आहेत आणि तिची भरपाई फार सावकाश होते. बागेत आणून लावलेली खोडे सहसा जगत नाहीत, कारण सोबतची माती व कवके मागेच राहतात. डहाळीचे टोकाकडून एक, खालच्या बाजूचे एक आणि खोडाच्या तळाचे एक अशी तीन जवळची छायाचित्रे नीट घेतली, तर एवढ्यावर जात ठरवता येते.