महत्तम मागणीमापक, विद्युत्

विद्युत् ग्राहकाने ठराविक काळात एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेतला, हे नोंदविणारे उपकरण. ग्राहकाच्या थोड्या वेळाच्या मोठ्या मागणीसाठीही जनित्रे व तारमार्ग कायम सज्ज ठेवावे लागतात; म्हणून केवळ एकूण वापरावरून पुरवठ्याचा खरा खर्च कळत नाही. हे तत्त्व ब्रिटिश अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये मांडले. ब्रायटन येथील अभियंते आर्थर राइट यांनी त्यासाठी मापक तयार केला. त्यात प्रवाहाच्या उष्णतेने प्रसरण पावणारी हवा द्रव ढकलते व ओसंडलेला द्रव अंशांकित नळीत साठून उच्चांक दाखवितो. सॅम्युएल इन्सल यांनी १८९४ मध्ये ब्रायटनला ही पद्धत पाहिली व पुढे ती शिकागोत आणली.

मोठ्या ग्राहकांच्या देयकात यातूनच युनिटांच्या आकाराबरोबर मागणी आकार आला. १०० किवॉ. भार एक तास घेतला काय किंवा १० किवॉ. भार दहा तास घेतला काय, युनिटे १०० च होतात. मागणी मात्र पहिल्या बाबतीत दसपट असते. आधुनिक अंकीय मापक पंधरा वा तीस मिनिटांच्या अंतराने नोंदी ठेवतात. त्यांवरून कार्यालयातील वातानुकूलन यंत्रे व पंप एकाच वेळी चालतात काय, इमारत बंद असतानाही किती वीज खर्च होते, हे उघड होते. यंत्रे आलटून पालटून चालविल्यास नवी सामग्री न घेताही देयक घटू शकते.