कुत्र्याची जात आणि जीवघेणे हल्ले

‘पिटबुल म्हणजे खुनी कुत्रा’ असं मोहल्ल्यात सर्रास बोललं जातं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. पिटबुल, रॉटवायलर अंगाने दांडगे. एकदा पकडलं की सोडवणं अवघड, जखमही खोल. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या मालकिणीचा जीव घेतला.

मात्र कुत्रा चावणार की नाही, हे नुसत्या जातीवर ठरत नाही. पिल्लू असताना तो माणसांत वावरला का, दिवसभर साखळीला असतो का, मार खातो का, हेही पाहावं लागतं. ब्रिटनमध्ये १९९१च्या कायद्याने पिटबुलवर बंदी आली, तरी २०२३ अखेर ‘एक्सएल बुली’ त्या यादीत घालावाच लागला. आपल्याकडे केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्रक रद्द केलं.

रेबीजला तर जातच नसते. गल्लीतलं ओळखीचं कुत्रं चावलं तरी जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी. मिरची, चुना, हळद काही लावू नये. (आमच्या वर्गातली मुलं हे उपाय आजही सांगतात!) मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते मागून घ्यावं. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली. आता लस दंडात देतात.