बीटच्या मळीतून बाळाच्या औषधापर्यंत

मळी म्हटली की आपल्याला उसाचा साखर कारखाना आठवतो. युरोपात मात्र साखर बीटपासून होते. १८६०च्या दशकात कार्ल शायब्लर या जर्मन रसायनतज्ज्ञाने बीटच्या रसात एक पदार्थ शोधला. बीटचं लॅटिन नाव ‘बेटा’, म्हणून हे ‘बीटेन’. बीटच्या मळीत ते भरपूर असतं.

पुढे ते कोंबड्यांच्या खाद्यात आलं. पेशींतलं पाणी ते धरून ठेवतं, म्हणून कडक उन्हाळ्यात पक्ष्यांना आधार मिळतो. आपल्या नॉर्थ कॅरोलायनात कुक्कुटपालन मोठं, तेव्हा हा विषय दूरचा नाही.

१९६२ मध्ये होमोसिस्टिन्युरिया हा जन्मजात आजार ओळखला गेला. त्यात रक्तात होमोसिस्टीन साचतं आणि डोळे, हाडं, मेंदू, रक्तवाहिन्या यांना इजा होते. बीटेनमुळे ते कमी होतं. १९९६ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

कॅरीत बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचे थेंब घेतात. त्यात हा आजारही तपासला जातो. पुन्हा तपासणीसाठी डॉक्टरांचा फोन आला, तर ‘बाळ तर छान दूध पितंय’ म्हणून टाळू नका. बीटची कोशिंबीर खुशाल खा. औषध मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.