रिळाचा जुना कॅमेरा बंद पडलाय? मागचं झाकण उघडू नका, आधी सेल बघा

मणिबेली (ता. अक्कलकुवा) : सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी गेलेलं गाव म्हणजे मणिबेली. १९९३-९४ च्या त्या दिवसांत नंदुरबार जिल्हाही नव्हता, गाव धुळे जिल्ह्यात होतं. मोबाइल तर कुणाकडेच नव्हता. बुडण्याआधीची घरं, शेतं, मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ, जे काही टिपलं गेलं ते रिळावर. म्हणून त्या काळातला कॅमेरा कुणाच्या पेटीत सापडला तर तो भंगारात देऊ नये. आत अर्धवट रीळ असू शकतं.

मागचं झाकण उघडलं की उजेड लागून रीळ खराब होतं. रीळ आहे का, हे न उघडताही कळतं. डाव्या बाजूची रीळ गुंडाळायची छोटी दांडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. ताण लागला तर आत रीळ आहे. मग जोर करू नका, जुनं रीळ तुटतं. कॅमेरा तसाच फोटो स्टुडिओत न्या आणि रीळ अंधारातच काढायला सांगा. मोटारवाल्या कॅमेऱ्यात नवे सेल टाकताच रीळ आपोआप गुंडाळायला लागू शकतं. आवाज पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नका.

आता सेल. सेलचा कप्पा बहुतेक वेळा तळाशी असतो आणि रिळाच्या कप्प्यापासून वेगळा असतो, त्यामुळे तो उघडायला हरकत नाही. झाकण नाण्याने फिरतं. आत पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती बुरशी नव्हे, सेल फुटून आलेला क्षार आहे. अल्कलाइन सेल असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग जरा ओल्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रस आत ओघळता कामा नये. पट्टीवर गंज राहिला तर खोडरबराने घासा. काही कॅमेरे एवढ्यावरही सुरू होतात.

पेंटॅक्स के १००० मध्ये एक, तर निकॉन एफएम २ मध्ये दोन एलआर ४४ बटण सेल लागतात. घड्याळाच्या दुकानात हाच सेल एजी १३ नावाने मिळतो. या दोन्ही कॅमेऱ्यांचं शटर सेलशिवाय चालतं, फक्त उजेडाचा मीटर बंद राहतो. कॅनन एई १ चं मात्र उलट आहे, ६ व्होल्टचा सेल नसेल तर बटणच दबत नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ सेलशिवाय एकाच वेगाने, सेकंदाच्या पाचशेव्या भागाने, फोटो काढतो. पेंटॅक्स के १००० ला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण नसलं की उजेडाने मीटर चालू राहतो आणि सेल संपतो. सेल वारंवार बदलावा लागत असेल तर आधी हे बघा.

काही जुन्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. त्याजागी दीड व्होल्टचा टाकला तर मीटर चुकीचा आकडा दाखवतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असतो, तो जवळचा पडतो. तो थोडा लहान असल्याने भोवती रबरी कडी घालावी लागते. मीटर चाललाच नाही तरी काम अडत नाही : कडक उन्हात १०० नंबरच्या रिळाला १६ चा आकडा आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग ठेवायचा.

फ्लॅश असलेला कॅमेरा घरी खोलू नका. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहते, जोराचा झटका बसतो. आणि बटण सेल पोरांच्या हाती लागू देऊ नका. पोराने गिळला तर तो काही तासांत अन्ननलिका जाळतो. उलटी करवत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

कॅमेरा परत ठेवताना सेल बाहेर काढून ठेवावेत. नदीकाठची दमट हवा लेन्सवर खरीखुरी बुरशी आणते, म्हणून बंद कातडी पाकिटात न ठेवता कोरड्या डब्यात ठेवलेला बरा.